नोकरी गेली आणि सण तोंडावर आले : अमेरिकेत किराणा आणि मुलांच्या भेटवस्तू कुठे मिळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एच-वन या नोकरीच्या व्हिसावर राहणारं एक मराठी कुटुंब. ऑक्टोबरच्या शेवटी नवऱ्याची नोकरी गेली. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहेत. मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात जन्मलेली; मुलगा चार वर्षांचा, इथे जन्मलेला. थँक्सगिव्हिंग दहा दिवसांवर आलंय, मागोमाग ख्रिसमस. वर्गातली मुलं आत्तापासून भेटवस्तूंच्या याद्या करतायत. या घरातल्या बाईंनी मला विचारलंय की फुकट किराणा आणि खेळणी देणाऱ्या संस्था असतात असं ऐकलंय, त्या आमच्यासारख्यांना देतील का? आणि घेतलं तर ग्रीन कार्डला बाधा येईल का?

मी याच राज्यातल्या एका फूड पॅन्ट्रीत, म्हणजे फुकट किराणा वाटणाऱ्या केंद्रात, नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षं बसते आहे, तेव्हा सांगते ते टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे.

आधी उत्तर देऊन टाकते. देतील. किराणा याच आठवड्यात मिळेल. भेटवस्तूंना उशीर झालाय, पण वाट बंद झालेली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळत असतील असं धरून लोक शोधायला लागतात आणि तिथेच वेळ जातो. किराण्याची व्यवस्था बारा महिने चालू असते, तिथे कागदपत्रं फारशी लागत नाहीत. भेटवस्तूंची व्यवस्था हंगामी असते, तिची नोंदणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन बऱ्याच ठिकाणी थँक्सगिव्हिंगच्या आतच संपते, आणि तिथे मुलांचे जन्मदाखलेही मागतात. म्हणून या आठवड्यात भेटवस्तूंचे फोन आधी करा. पॅन्ट्रीत त्यानंतर गेलात तरी चालेल, ती पळून जात नाही.

भेटवस्तूंचा पहिला फोन शाळेत करा. मुलीच्या शाळेच्या गायडन्स काउन्सेलरला, किंवा शाळेत सोशल वर्कर असेल तर तिला, दोन ओळींचा ईमेल टाका : घरातल्या कमावत्याची नोकरी गेली आहे, दोन मुलं आहेत, या सणाला मदतीची गरज आहे. एवढं पुरे. कारण, कहाणी, माफी काही लिहू नका. रोटरी क्लब, पोलिसांची संघटना, चर्च, एखादं मोठं ऑफिस अशा अनेकांना ‘एक कुटुंब दत्तक’ घ्यायचं असतं आणि ते शाळेलाच विचारतात की नावं द्या. ही नावं काउन्सेलर गुप्त ठेवते. देणाऱ्याला फक्त ‘मुलगी, ९ वर्षं, कोट साइज अमुक, चित्रकलेची आवड’ एवढंच कळतं. मोठ्या संस्थांच्या तारखा उलटल्या तरी शाळेची यादी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हलत असते, हा माझा अनुभव. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या बुधवारी शाळा लवकर सुटतात आणि नंतर चार दिवस कोणी फोन उचलत नाही, तेव्हा त्याच्या आत कळवा.

मोठ्या संस्था दोन. एक ‘टॉइज फॉर टॉट्स’. मरीन कोअर रिझर्व्ह, म्हणजे राखीव सैनिकांचा हा उपक्रम. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मेजर बिल हेंड्रिक्स यांच्या पत्नीने एक हाताने शिवलेली बाहुली गरजू मुलाला पोचवायला सांगितली, तर अशी बाहुली घेणारी संस्थाच सापडेना. मग तूच काढ संस्था, असं तिने नवऱ्याला सुनावलं. त्यांच्या वेबसाइटवर राज्य आणि काउंटी निवडली की स्थानिक अर्ज उघडतो. प्रत्येक काउंटीची शेवटची तारीख वेगळी असते, त्यामुळे मैत्रिणीच्या काउंटीत बंद झालं म्हणून तुमच्याकडेही झालं असेल असं धरू नका. खेळणी नवी असतात आणि बहुधा न गुंडाळता मिळतात. ती आई-बापच कागदात गुंडाळून ठेवतात. ते तुमच्याच हातून दिलं जातं, हे मला या पद्धतीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

दुसरी सॅल्व्हेशन आर्मीची ‘एंजल ट्री’. १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या एका मॉलमध्ये सुरू झालेली. झाडावर मुलांच्या मागण्यांच्या चिठ्ठ्या लावतात, खरेदीला आलेले लोक एकेक चिठ्ठी उचलतात. हिची नोंदणी सगळ्यांत आधी संपते. तरीही जवळच्या केंद्राला फोन करा आणि ‘नोंदणी चालू आहे का’ असं विचारू नका, त्यावर ‘नाही’ एवढंच उत्तर येईल. ‘प्रतीक्षा यादी आहे का, आणि वाटपानंतर उरलेली खेळणी कोणत्या दिवशी देता’ असं विचारा. चिठ्ठ्या उचलून परत न आणणारे जसे असतात, तसे ठरल्या दिवशी घ्यायला न येणारेही असतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात बरंच इकडचं तिकडे होतं. एकाच मुलाचं नाव दोन संस्थांत घालायच्या आधी मात्र विचारून घ्या. अनेक काउंट्यांत या संस्था याद्या ताडून बघतात आणि दोनदा आलेलं नाव अडकून बसतं.

फॉर्मवर ‘मुलाची इच्छा’ असा रकाना असतो. आपली माणसं तिथे संकोचाने ‘काहीही चालेल’ लिहितात. त्यामुळे देणाऱ्याची पंचाईत होते आणि मुलीला तीन वर्षांच्या बाळाचं कोडं मिळतं. स्पष्ट लिहा. कपड्यांची आणि बुटांची मापं, आवडता रंग, एक गरजेची वस्तू, एक हौसेची. हिवाळी कोट आणि स्नो बूट गरजेत लिहा, ते सहज मिळतात. आयपॅड लिहू नका.

नऊ वर्षांची मुलगी सँटाला पत्र लिहिण्याच्या वयात असेल तर टपाल खात्याचा ‘ऑपरेशन सँटा’ उपक्रम आहे. सँटाच्या नावाने आलेली पत्रं टपाल कर्मचाऱ्यांनी उघडून उत्तरं द्यायला १९१२ मध्ये परवानगी मिळाली, तिथून हे चालू आहे. पाकिटावर ‘सँटा क्लॉज, १२३ एल्फ रोड, नॉर्थ पोल, ८८८८८’ हा पत्ता, वर तिकीट, आणि परतीचा पूर्ण पत्ता लिहायचा. खासगी माहिती झाकून पत्र वेबसाइटवर लावतात; कोणी ते उचललं तर खेळणं टपालाने घरी येतं. पण उचललं जाईलच अशी खात्री नसते, म्हणून एवढ्या एकावर विसंबू नका. आणि पत्र डिसेंबर उजाडण्याची वाट न बघता टाका.

आता किराणा. इथे फूड बँक आणि फूड पॅन्ट्री यात लोकांची गल्लत होते. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. ती पॅन्ट्र्यांना माल पुरवते. देशातली पहिली फूड बँक १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सला निघाली. आज ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्यात अशी सुमारे २०० गोदामं आहेत. आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं हिलसाइडला आहे, ‘कम्युनिटी फूड बँक ऑफ न्यू जर्सी’. एडिसन-पिस्कॅटवे भागात राहत असाल तर मिडलसेक्स काउंटीची स्वतःची ‘रिप्लेनिश’ नावाची व्यवस्था आहे. तुम्हाला जायचं असतं ते पॅन्ट्रीत : चर्चच्या तळघरात, टाउनशिपच्या इमारतीत, कधी मंदिरात किंवा मशिदीत. फूड बँकेच्या वेबसाइटवर झिप कोड टाकला की यादी येते. किंवा २११ फिरवा. ही मदतीची माहिती देणारी हेल्पलाइन आहे, बोलताना अडत असेल तर दुभाषाही देतात. तिथे नुसतं ‘मदत हवी’ म्हणू नका, तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा : या आठवड्यात उघडी असलेली पॅन्ट्री, थँक्सगिव्हिंगच्या खोक्यांची नोंदणी, आणि मुलांच्या भेटवस्तू. निघण्यापूर्वी पॅन्ट्रीला फोन कराच. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एखाद-दोन दिवस, तेही दोन-तीन तासच वाटप असतं आणि सणाच्या आठवड्यात वेळा बदलतात.

बरोबर फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल किंवा घराचा करार, आणि चार मजबूत पिशव्या न्या. घरात माणसं किती आणि उत्पन्न किती, हे बहुतेक ठिकाणी तोंडी सांगून सही करायची असते. उत्पन्न म्हणजे आत्ताचं. गेल्या वर्षीचा पगार कोणी विचारत नाही. व्हिसा कोणता हेही विचारत नाहीत. बाहेर गाडी कोणती लावलीत तिकडे तर कोणाचं लक्षच नसतं. तळघर चर्चचं असलं तरी प्रार्थनेला बसावं लागत नाही. जिथे सरकारी धान्य वाटलं जातं तिथे तशी अट घालायला नियमानेच मनाई आहे.

बाईंनी शेवटी एक वाक्य लिहिलंय, की आम्ही खऱ्या अर्थाने गरीब नाही, कोणाच्या तोंडचा घास तर काढून घेणार नाही ना? हे वाक्य मी मराठी, गुजराती, तेलुगू सगळ्यांकडून ऐकते आणि जवळजवळ कायम अशा घरांकडून ऐकते, जी दोन महिने आधीच यायला हवी होती. पॅन्ट्रीचा हिशेब वेगळा असतो. किती घरं आली याचा आकडा आम्ही दर महिन्याला वर कळवतो आणि पुढचा माल बऱ्याच अंशी त्या आकड्यावर येतो. तुम्ही आलात म्हणून कोणाचं कमी होत नाही. भाजी आणि ब्रेड संध्याकाळी उरले तर टाकावे लागतात. शिवाय नोकरी गेल्यानंतर या व्हिसावर इथे राहायला तुमच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस आहेत. त्यात भाडं आहे, वकिलाची फी आहे, वेळ आली तर चार तिकिटं आहेत. यातलं काहीही फुकट मिळणार नाही. फुकट मिळतो तो किराणा, मग त्यावर रोख पैसे का खर्च करायचे?

शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. थँक्सगिव्हिंगच्या खोक्यात टर्की येते आणि भिडेखातर घेऊन घरी टाकून देण्यात अर्थ नाही. या दिवसांत टर्कीच कमी पडते, तेव्हा नको म्हणालात तर आम्हाला बरंच वाटतं. बदली काय मिळेल ते विचारा. डबे वाचून घ्या. स्टफिंगच्या पाकिटात बहुधा कोंबडीचा अर्क असतो, ग्रेव्ही मिक्समध्ये मांसाचा, रिफ्राइड बीन्सच्या काही डब्यांत डुकराची चरबी असते, मार्शमेलोत जिलेटिन. ‘बेस्ट बाय’ची तारीख उलटलेले डबे बघून दचकू नका. ती चवीची तारीख असते. डबा फुगलेला, गंजलेला किंवा चेपलेला नसेल तर माल चांगला असतो. बाळाच्या दुधाची पावडर मात्र तारखेबाहेरची घ्यायची नाही.

उरलेलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरात खपतं. ब्लॅक-आइड पीज म्हणजे चवळी, ब्राउन लेंटिल्स म्हणजे अख्खा मसूर, स्प्लिट पीजची आमटी होते. ग्रिट्सचा, म्हणजे मक्याच्या रव्याचा, उपमा करून बघा, फोडणीत आलं-मिरची सढळ घाला. आणि भोपळ्याचा डबा, जो इतर लोक परत ठेवून जातात, तो तुम्ही उचला : गूळ आणि कणीक घालून त्याचे घारगे उत्तम होतात. फक्त डब्यावर ‘पंपकिन पाय मिक्स’ लिहिलेलं नाही ना ते बघा, त्यात आधीच साखर आणि दालचिनी असते.

मुलांच्या खाण्याच्या दोन सरकारी सोयी आहेत आणि दोन्हींत व्हिसा विचारत नाहीत. एक शाळेचं जेवण. केंद्राच्या नियमाने दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते फुकट किंवा सवलतीत मिळतं, न्यू जर्सीने ही मर्यादा आणखी वर नेली आहे. लोक समजतात की हा अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा असतो. तसं नाही, वर्षात कधीही भरता येतो आणि नोकरी गेली की लगेच भरायचा असतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ‘नाही’वर खूण करायची. डिसेंबरच्या सुट्टीत शाळेचं जेवण बंद होतं, तेव्हा सुट्टीआधी घरी खाऊच्या पिशव्या पाठवतात का, तेही काउन्सेलरला त्याच ईमेलमध्ये विचारा.

दुसरी डब्ल्यूआयसी. गरोदर आणि बाळंत बायका आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठी. तुमचा धाकटा चार वर्षांचा आहे, म्हणजे पाचवा वाढदिवस येईपर्यंत त्याला मिळेल. कार्डावर दूध, अंडी, सुक्या डाळी-कडधान्यं किंवा पीनट बटर, होल ग्रेन ब्रेड, शिवाय ताज्या फळं-भाज्यांसाठी ठरावीक रक्कम. शाकाहारी घराला यातलं जवळपास सगळं चालतं. तरी आपल्या लोकांना ही योजना फारशी माहीतच नसते.

आता ग्रीन कार्ड. ‘पब्लिक चार्ज’, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा माणूस असा ठपका, ज्यावरून ग्रीन कार्ड नाकारता येतं, हा शब्द व्हॉट्सॲपवर इतका फिरतो की लोक सफरचंद घ्यायलाही घाबरतात. पॅन्ट्री, टॉइज फॉर टॉट्स, एंजल ट्री, चर्चने दिलेलं खोकं हे मुख्यतः दानधर्मातून येतं, ते पब्लिक चार्जमध्ये मोजत नाहीत. सरकारी योजनांपैकी २०२२ चा नियम मुख्यतः घर चालवायला दिली जाणारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवणं या दोनच गोष्टी बघतो. शाळेचं जेवण, डब्ल्यूआयसी, स्नॅप (किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) त्यात येत नाहीत, आणि मुलाने घेतलेला लाभ आई-बापाच्या नावावर धरत नाहीत. मात्र हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मांडला आहे. म्हणून माझा सल्ला असा : दानधर्मातून येणारं बिनधास्त घ्या, शाळेचं जेवणही घ्या, स्नॅपचा अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारा. तुम्हा दोघांना आणि मुलीला एच-वन किंवा एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) स्नॅप मिळत नाही. धाकटा नागरिक असल्याने त्याच्या एकट्यासाठी अर्ज करता येतो, पण आज काय नियम आहे ते वकिलाकडून ऐकूनच.

खरा धोका दुसरीकडेच आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. घरात पैसा येईना झाला की आपल्या बायका डबे द्यायला लागतात, केक करून विकतात, शेजारचं मूल सांभाळतात. एच-फोरवर वर्क परमिट नसताना पैसे घेऊन केलेलं हे काम बेकायदा ठरतं, रोख घेतलं तरी. पॅन्ट्रीच्या तांदळाने ग्रीन कार्डचं काही बिघडत नाही, विकलेल्या चकलीने बिघडू शकतं.

आपल्या लोकांकडून मदत घ्यावी का, असंही बाईंनी विचारलंय. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत एखादी विश्वासाची व्यक्ती असेल तर तिच्या एकटीच्या कानावर घाला. मंडळातून मदत पटकन होते, बातमीही तितक्याच पटकन फिरते. नोकरीची ओळख निघण्यासाठी ती फिरलेली बरी असेल तर गोष्ट वेगळी. गुरुद्वाऱ्यातलं लंगर कोणालाही खुलं आहे, शाकाहारी असतं, आणि तिथे एक शब्द सांगावा लागत नाही. डोकं झाकायला रुमाल न्या, एवढंच. भेटवस्तूंसाठी फेसबुकवरचा तुमच्या भागातला ‘बाय नथिंग’ गट बघा. सायकली, स्केट्स, पुस्तकांचे संच लोक डिसेंबरमध्ये घर रिकामं करताना देऊन टाकतात आणि मला तरी यातल्या वस्तू दुकानातल्या स्वस्त खेळण्यांपेक्षा बऱ्या वाटतात.

कुठेही नोंदणीसाठी पैसे मागितले, किंवा गिफ्ट कार्डचा नंबर विचारला, तर फोन ठेवा. खरी संस्था फी घेत नाही.

नव्या वर्षात पॅन्ट्रीत येणं थांबवू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमलेला सुका माल जानेवारीत फडताळांवर असतो, रांग छोटी असते आणि स्वयंसेवकांना बोलायला वेळ असतो. नोकरी लागली की आम्हाला कळवायचीही गरज नाही, यायचं थांबवलंत की झालं. डब्ल्यूआयसीला उत्पन्न बदलल्याचं सांगा. शाळेचं जेवण एकदा मंजूर झालं की ते त्या शालेय वर्षापुरतं टिकतं, मध्येच पगार सुरू झाला तरी.